कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट यांची तुलना करताना या चुका टाळा

आवडत्या कादंबरीवरचा चित्रपट पाहून बाहेर पडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पुस्तकातलं ते सगळं यांनी गाळलंच की!" चिडणं स्वाभाविक आहे, त्यात पुस्तकावरचं प्रेमच असतं. पण त्याच रागाच्या भरात लिहायला बसलं की लेख दीड पानात अडतो. हे गाळलं, ते बदललं, ही पात्रं नाहीतच, शेवट वेगळा. मग पुढे काय लिहायचं ते सुचेनासं होतं.

अडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. फरक टिपलेला असतो, पण त्या फरकामुळे काय झालं हे विचारलेलं नसतं. कादंबरीतलं प्रत्येक पात्र, प्रत्येक प्रसंग काही ना काही काम करत असतो. चित्रपटात ते काम कोणाकडे गेलं, की ते झालंच नाही, याचा शोध म्हणजे तुलना. खालच्या बहुतेक चुका हा शोध टाळल्यामुळे होतात.

"गाळलं" एवढ्यावर थांबणं

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब पटकथालेखक धरतात. अडीच तासांच्या चित्रपटाला दीडशे पानं मिळतात आणि तीही ऐसपैस मांडलेली, अर्धी कोरी. चारशे पानांची भरगच्च कादंबरी त्यात मावणार नाही हे चित्रपट पाहण्याआधीच ठाऊक असतं. तेव्हा काहीतरी गाळलं आहे, हा निष्कर्ष होऊच शकत नाही. तिथून तर सुरुवात करायची.

'पथेर पांचाली' घ्या. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरून सुरुवातीच्या भागातच जाते, अपू तेव्हा अगदी लहान असतो. सत्यजित राय यांनी १९५५ च्या चित्रपटात तिला बराच काळ जिवंत ठेवलं आणि तिचं मरण दुर्गा आणि अपू या भावंडांच्या डोळ्यांसमोर आणलं. "म्हातारीचा मृत्यू पुढे ढकलला आहे" एवढीच नोंद केली तर ती खरी आहे, पण निरुपयोगी. या बदलामुळे काय झालं ते बघा. मुलांनी मरण एकदा पाहिलेलं आहे, आपणही त्यांच्याबरोबर पाहिलेलं आहे. पुढे दुर्गा तापाने फणफणते तेव्हा आपण आधीच धास्तावलेले असतो. ही धास्ती चित्रपटाने एका म्हातारीचं आयुष्य वाढवून मिळवली.

तुमचा लेख यादी होऊन बसला असेल तर कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात पुस्तकात काय आहे, दुसऱ्यात चित्रपटात काय आहे आणि तिसऱ्यात त्यामुळे वाचणाऱ्याचं किंवा पाहणाऱ्याचं काय होतं. पहिले दोन भराभर भरतात. तिसरा जिथे रिकामा राहतो तो फरक लेखातून सरळ काढून टाका. वीसपैकी तीन-चार उरतील, आणि तेवढे पुष्कळ झाले.

मोठे बदल पाहताना बारीक बदल निसटणं

'गाइड'बद्दल लिहिताना सगळे शेवटावर तुटून पडतात. आर. के. नारायण यांच्या १९५८ च्या कादंबरीत गावकऱ्यांनी साधू मानलेला, पावसासाठीच्या उपासाने खंगलेला राजू नदीत उभा राहतो, डोंगरात पाऊस पडतोय असं त्याला जाणवतं आणि तो खाली कोसळतो. पाऊस खरंच आला का, राजू मेला का, हे नारायण सांगत नाहीत. विजय आनंद यांच्या १९६५ च्या हिंदी चित्रपटात पाऊस धो धो कोसळतो, राजू मरतो, आणि त्याआधी त्याची प्रेयसी, नर्तकी रोझी आणि त्याची आई त्याच्यापाशी पोचलेल्या असतात. कादंबरीत शेवटी त्या दोघींपैकी कोणीही नसतं. फरक ठळक आहे आणि त्यावर लिहायलाच हवं.

पण मला त्याहून मोठा वाटतो तो रोझीच्या नवऱ्यातला, मार्कोमधला बदल. कादंबरीतला मार्को गुहांमधल्या चित्रांत बुडालेला, बायकोकडे ढुंकून न पाहणारा, तिच्या नाचाला कवडीची किंमत न देणारा माणूस आहे. तो रुक्ष आहे, पण बाहेरख्याली नाही. रोझी आणि राजू यांचं प्रकरण कळल्यावर तो तिच्याशी बोलणं टाकतो आणि तिला मागे ठेवून निघून जातो. म्हणजे टाकून जाणारा तो आहे आणि अपराधी वाटून घेणारी रोझी आहे. पुढे ती नावारूपाला आल्यावरही मासिकात आलेला मार्कोचा फोटो कापून ठेवते. तिच्या मनात तो कुठेतरी आहे, हे राजूला खुपत राहतं.

चित्रपटातला मार्को दुसऱ्या बाईच्या नादी लागलेला आहे. ते कळल्यावर रोझीच त्याला सोडते. एवढ्या एका बदलाने सगळी नैतिक बाजू फिरते. लग्न मोडून बाहेर पडणारी नायिका १९६५ च्या प्रेक्षकापुढे उभी करायची, तर तिच्या बाजूने एक भक्कम कारण असावं लागलं. रोझीला त्यातून ताठ कणा मिळाला. 'काँटों से खींच के ये आँचल' म्हणत ती मोकळी होते ते आपल्याला पटतं. पण फोटो कापून ठेवणारी रोझी या चित्रपटात मावत नाही. ज्याने फसवलं त्याच्याबद्दल तिला ओढ का वाटावी? राजूच्या मत्सराचं एक मूळच त्यामुळे सुकतं.

म्हणून दुय्यम पात्रांकडे नीट बघा. नायक-नायिकेला हात लावताना पटकथालेखक कचरतो. त्यांच्या भोवतालची माणसं मात्र तो बिनधास्त बदलतो, आणि त्यातून नायक-नायिका आपोआप बदलतात.

कथा कोण सांगतंय हे न पाहणं

ही चूक सर्रास होते. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' कादंबरीचा गोडवा कशात आहे? शाळकरी मुकुंद स्वतः सांगतोय त्यात. त्याची भाषा, त्याचे आडाखे, मोठ्यांबद्दलची त्याची मतं यांतून आपण आणीबाणीच्या काळातलं ते गाव आणि तो वर्ग पाहतो. पुस्तक वाचताना मुकुंदचा चेहरा आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्याच्या डोळ्यांमागे बसलेलो असतो. पडद्यावर तोच मुलगा चौकटीत येतो आणि आपण त्याच्याकडे बघायला लागतो. ज्याच्या नजरेने बघत होतो तो स्वतःच बघण्याचा विषय होतो. दिग्दर्शक कितीही इमानी असला तरी हे टळत नाही.

अशा वेळी "पुस्तकातली मजा चित्रपटात नाही" असं लिहून मोकळं होऊ नका. ती मजा निवेदनात होती हे आधी ओळखा आणि मग चित्रपटाने निवेदनाच्या जागी काय ठेवलं ते शोधा. पार्श्वभूमीवर नायकाचा आवाज आहे का? कॅमेरा त्याच्या उंचीवरून, त्याच्या जागेवरून बघतो का? त्याला न दिसलेली गोष्ट आपल्याला दाखवली जाते का? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. नायक हजर नसलेला एक जरी प्रसंग चित्रपटात आला, तरी पुस्तकाची 'मी'ची चौकट मोडली असं समजा, आणि तिथे का मोडली हे तपासा.

मूळ कोणतं हे न तपासणं

जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (१९७९) अरुण साधू यांच्या एका नव्हे, दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे: 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक'. पटकथा विजय तेंडुलकरांची. नाव सारखं म्हणून एकच कादंबरी वाचून तुलना केली, तर दुसऱ्या कादंबरीतून आलेलं सगळं तेंडुलकरांच्या खात्यावर जमा होतं. कधी नावच बदललेलं असतं. 'उंबरठा'चं मूळ शांता निसळ यांच्या 'बेघर'मध्ये आहे, आणि १९३७ च्या 'कुंकू'चं ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट'मध्ये. श्रेयनामावली घाईने पुढे ढकलू नका.

चित्रपटाच्याही आवृत्त्या असतात. 'गाइड' हिंदीत आणि इंग्रजीत वेगवेगळा केला गेला, इंग्रजीचे दिग्दर्शक टॅड डॅनिएलेव्स्की होते. कोणी लिहिलेलं तुमच्या आठवणीशी जुळत नसेल, तर त्याने पाहिलेला चित्रपट दुसराच असू शकतो. आणि कादंबरी भाषांतरातून वाचली असेल तर तसं स्पष्ट लिहा. संवादांच्या लयीवर, विनोदावर शेरे मारताना तर हात आखडताच ठेवा, ती लय भाषांतरकाराची असू शकते.

लेखकाच्या मताला अंतिम निकाल मानणं

नारायण यांना 'गाइड' चित्रपट रुचला नाही आणि त्यांनी तसं लिहूनही ठेवलं. स्टीफन किंग यांनी आपल्या 'द शायनिंग' कादंबरीवरच्या चित्रपटाबद्दलची नाराजी कधी लपवली नाही. हे दोन्ही चित्रपट आजही आवडीने पाहिले जातात. उलट बाजूही आहे: 'गॉडफादर'च्या पटकथेत मूळ कादंबरीकार मारिओ पुझो स्वतः सहभागी होते, तरी माफिया प्रमुख व्हिटोच्या तरुणपणाचा अख्खा भाग १९७२ च्या चित्रपटात नाही, तो १९७४ च्या दुसऱ्या भागात आला. लेखकाचं मत जरूर नोंदवा, पण ते एका वाचकाचं मत म्हणून. त्याच्याआड लपून स्वतःचं मत टाळू नका.

आठवणीवर विसंबणं

पुस्तक दहा वर्षांपूर्वी वाचलं आणि चित्रपट काल पाहिला, तर तुलना पुस्तकाशी होत नाही, आठवणीशी होते. अख्खं पुस्तक पुन्हा वाचायला वेळ नसेल तर निवडलेल्या तीन-चार प्रसंगांची पानं तरी वाचा आणि चित्रपटातले तेच प्रसंग लगेच पाहा. नटाचा चेहरा मनातल्या चेहऱ्याशी जुळत नाही, ही तक्रार दुसऱ्यांदा पाहताना बऱ्याचदा विरून जाते. विरली नाही, तर तिच्यात काहीतरी तथ्य आहे.

शेवटी कच खाणं

"दोन्ही माध्यमं वेगळी, दोन्ही आपापल्या जागी श्रेष्ठ." या वाक्यावर संपलेले लेख मी खूप वाचले आहेत आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटते, कारण इतकी मेहनत करून लिहिणारा ऐन वेळी मागे सरतो. पूर्ण चित्रपटाला शेरा देणं अवघड वाटत असेल तर एका बदलापुरता निकाल द्या, कारणासकट. 'गाइड'बद्दल मी तो असा देईन: शेवटचा पाऊस चित्रपटाला शोभतो, कारण तिथवर प्रेक्षकाला श्रद्धेच्या बाजूने आणत आणत नेलेलं असतं. मार्कोला बदफैली करणं मात्र रोझीवर अन्याय करणारं आहे. बाहेरख्याली नसलेल्या नवऱ्याने टाकल्यावर, मनात अपराधीपण असतानाही स्वतःच्या नाचासाठी उभी राहणारी बाई दाखवायची हिंमत कादंबरीत होती, चित्रपटाने तिच्या हाती एक सबब दिली.