स्टुडिओचं मास्टर क्लॉक लावताना या चुका टाळा

मास्टर क्लॉकला, म्हणजे स्टुडिओतली बाकी सगळी घड्याळं ज्याच्यावर चालतात त्या मुख्य घड्याळाला, मोबाईल बघून टाईम लावायचा नाही. इथूनच सुरुवात करतो, कारण सोलापुरात लोकल चॅनेल असो नाहीतर छोटा स्टुडिओ, मी जिथं जिथं कामाला जातो तिथं बऱ्याच तक्रारींचं मूळ हेच निघतं. कुणाला तरी घड्याळ दोन सेकंद मागं दिसतं, तो मेन्यूत जाऊन जीपीएस, म्हणजे सॅटेलाईटवरून टाईम घेणं, बंद करून मॅन्युअलवर टाकतो, मोबाईल समोर धरून ओके दाबतो आणि घरी जातो. त्या दिवशी सगळं बरोबर दिसतं. पण आता ते घड्याळ नुसत्या आतल्या क्रिस्टलवर चालायला लागलेलं असतं, आणि क्रिस्टल 10 पीपीएमनं, म्हणजे दहा लाखात दहानं, जरी चुकत असला तरी दिवसाला पाऊण सेकंदाच्या वर आणि महिन्याला जवळजवळ 26 सेकंद जातात. त्यात आपल्याकडचा मे महिना, लाईट गेली की एसी बंद, रॅक तापलेली, मग क्रिस्टल अजूनच भरकटतो.

जुनी माणसं सांगतात की गिरणीचा भोंगा झाला की घरोघरी घड्याळं लावली जायची. मास्टर क्लॉकचं काम तेच आहे, भोंगा एकच आणि बाकी सगळ्यांनी त्याच्यावर चालायचं. म्हणून आधी भोंगा नीट आहे का ते बघा, बाकीची घड्याळं मग.

तर ते दोन सेकंद मागं का दिसलं? बहुतेक वेळा जीपीएसचं लॉक, म्हणजे सॅटेलाईटशी धरलेला मेळ, कधीचंच गेलेलं असतं. लॉक गेलं म्हणून घड्याळ थांबत नाही, होल्डओव्हरमध्ये, म्हणजे आतल्या क्रिस्टलच्या भरवशावर, चालत राहतं, आकडे तसेच पळत असतात, त्यामुळं कुणाला पत्ताच लागत नाही. फक्त पुढचा लॉकचा लाईट विझलेला असतो, आणि त्या लाईटकडं रोज बघणारा माणूस ठरवून दिलेला नसतो. तो ठरवा.

होटगी रोडच्या बाजूला एका ठिकाणी मला असंच बोलावलं होतं, लॉक येतंय जातंय म्हणून, रिसिव्हर खराब झालाय असं समजून त्यांनी नवीन मागवायची तयारी पण केली होती. मेन्यूत बघितलं तर सॅटेलाईट दोन. गच्चीवर गेलो. आपल्याकडं पाणी रोज येत नाही त्यामुळं गच्चीवर टाक्या वाढतच जातात, तिथं पण नवीन काळी टाकी आलेली आणि अँटेना बरोबर टाकी आणि कठड्याच्या सांदीत गेलेला, वर आभाळ असं दिसत नव्हतंच. कनेक्टरवर नुसती चिकटपट्टी, ती पण उन्हानं सुटलेली, आतलं तांबं हिरवं पडलेलं. कनेक्टर नवीन लावला, त्यावर पाणी न शिरणारी टेप गुंडाळली, अँटेना पाईपवर टाकीच्या वर नेला, तासाभरात आठ सॅटेलाईट आणि लॉक पक्कं. रिसिव्हर चांगलाच होता. म्हणून सामान मागवायच्या आधी गच्चीवर जा, आणि मल्टिमीटर घेऊन जा, कारण या अँटेनाला त्याच कोॲक्स वायरमधून सप्लाय जातो, बऱ्याच ठिकाणी 5 व्होल्ट, आणि मध्ये कुणी टीव्हीचा साधा स्प्लिटर घातला असेल तर तो सप्लाय तिथंच अडू शकतो. वायरला सर्ज अरेस्टर पण लावा, वळवाच्या विजा आपल्याला नवीन नाहीत.

आता 18 सेकंदांची गोष्ट, ही नीट लक्षात ठेवा. जीपीएसचा स्वतःचा टाईम 6 जानेवारी 1980 पासून चालू आहे आणि त्यात लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून घातलेला जादा सेकंद, धरत नाहीत, त्यामुळं 2017 च्या 1 जानेवारीपासून तो यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेच्या, 18 सेकंद पुढं आहे. हा फरक किती ते सॅटेलाईटच सांगतो, पण ती माहिती साडेबारा मिनिटांतून एकदा येते. म्हणजे बरेच दिवस बंद असलेलं घड्याळ चालू केलं आणि लॉक आल्या आल्या बघितलं तर ते बरोबर 18 सेकंद पुढं दिसू शकतं. घाबरून मेन्यूत मायनस 18 टाकू नका! पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका, आपोआप जागेवर येतं. टाकलेलं मायनस 18 मात्र तसंच राहतं आणि मग उलटी 18 सेकंदांची चूक कायमची.

टाईम बरोबर पण तारीख एकोणीस-वीस वर्षं मागची दिसत असेल तर तो वेगळा प्रकार आहे, जीपीएसचा आठवड्यांचा आकडा 1024 झाला की शून्यावर येतो, एप्रिल 2019 मध्ये तसं झालं. जुन्या रिसिव्हरला फर्मवेअर मिळालं तर ठीक, नाहीतर बदला.

टाईमझोनमध्ये प्लस साडेपाच हाच आकडा पाहिजे. काही जण लिस्टमध्ये अर्धा तास सापडला नाही की प्लस 5 लावून वर तीस मिनिटं हातानं ढकलतात, हे करू नका, कस्टम ऑफसेट शोधा. आणि डेलाईट सेव्हिंग बंद आहे ना ते बघा, बाहेरून आलेल्या मशीनमध्ये युरोपातलं शहर सिलेक्ट राहिलं तर मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ गुपचूप एक तास पुढं जाईल.

पीसींचं म्हणाल तर, प्लेआऊटचा, म्हणजे कार्यक्रम आणि जाहिराती हवेत सोडणारा, पीसी इंटरनेटवरून टाईम घेतोय, ग्राफिक्सचा मास्टर क्लॉकवरून आणि न्यूजरूमचा कुठूनच नाही, असं असेल तर काही जुळणार नाही. सगळ्यांना मास्टर क्लॉकचाच आयपी द्या, फायरवॉलमध्ये यूडीपी 123 (टाईम नेटवर्कवरून देणाऱ्या एनटीपीचा पोर्ट) उघडा, आणि बॅकअपला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा एनटीपी सर्व्हर ठेवा, भारतीय प्रमाणवेळ तीच सांभाळते. एखादा लिनक्सचा पीसी काही केल्या सिंक होत नसेल तर बोर्डवरचा सेल बघा. सेल संपला की तारीख कुठल्या कुठं जाते, आणि फरक 1000 सेकंदांच्या वर असला की एनटीपीडी, म्हणजे पीसीवरचा टाईम जुळवणारा प्रोग्राम, तो फरक मान्यच करत नाही, बंद पडतो. एकदा हातानं जवळपास टाईम लावून द्या, मग धरतो. हे सगळं प्लेआऊट चालू असताना करायचं नाही, टाईमनं उडी मारली की एखादी जाहिरात दोनदा जाते किंवा जातच नाही.

भिंतीवरच्या काट्यांच्या स्लेव्ह, म्हणजे मास्टर क्लॉकच्या पल्सवर चालणाऱ्या, घड्याळांपैकी एकच कायम एक मिनिट चुकत असेल तर ते बिघडलेलं नाही. मिनिटाचा पल्स एकदा प्लस एकदा मायनस असा येतो, दोन वायरी उलट्या लागल्यात. फिरवून लावा, काटा मिनिटावर आणा, झालं.

शेवटी सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचं. अक्षता सोहळ्याला सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरची गर्दी, तीन-चार कॅमेरे वेगवेगळ्या जागी, आणि रात्री एडिटला बसल्यावर एकाचा टाईमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा आकडा, दुसऱ्याशी जुळत नाही. पोरं सकाळी टाईमकोड जॅम करतात, म्हणजे सगळे कॅमेरे एकाच टाईमकोडवर जुळवतात, आणि दिवसभर तसंच चालवतात. 10 पीपीएमचा फरक असला तर तासाभरात जवळजवळ एक फ्रेम जाते, सेकंदाला 25 फ्रेम असल्या की एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. म्हणून दर दोन तासांनी आणि बॅटरी बदलली की लगेच परत जॅम करा, कॅमेरा रेक रनवर (टाईमकोड फक्त रेकॉर्डिंग चालू असताना पळतो) नको, फ्री रनवर (सतत पळतो) ठेवा, आणि सगळीकडं 25 च आहे ना ते आदल्या दिवशीच बघा, एखादा भाड्याचा कॅमेरा 29.97 वर निघतोच. एलटीसीची, म्हणजे आवाजाच्या रूपात जाणाऱ्या टाईमकोडची, वायर मिक्सरच्या कॉम्प्रेसरमधून नेऊ नका, सरळ न्या, माईकच्या वायरीपासून लांब न्या, नाहीतर तो किर्र आवाज मंत्रांच्या मागं ऐकू येईल आणि तो नंतर निघता निघत नाही.