अल्फा वाढवण्यासाठी आयटम उडवण्याआधी

प्रश्नावलीच्या पायलटचा, म्हणजे छोट्या चाचणी सर्व्हेचा, डेटा आला की पहिली नजर अल्फावर जाते: प्रश्नावलीतले आयटम (विधानं) एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. तो 0.55 इतका कमी दिसला की पोटात गोळा येतो. मग कुणीतरी सुचवतं, "दोन आयटम काढ, वर जाईल." जातोही. पण तेवढ्यात कन्स्ट्रक्ट, म्हणजे जी संकल्पना मोजायची तीच, बदललेला असतो. माझ्या पीएचडीतला सगळ्यात मोठा काळ याच गुंत्यात गेला, म्हणून एवढं एकच नीट सांगते.

समजा, 'सिस्टीमची गुणवत्ता' मोजायची आहे. आयटम असे: सिस्टीम पटकन प्रतिसाद देते, मध्येच बंद पडत नाही, माझा डेटा सुरक्षित ठेवते. सिस्टीम वेगवान झाली म्हणून सुरक्षितही होईल का? नाही. या तिन्हींमुळे गुणवत्ता ठरते, म्हणजे मांडणी फॉर्मेटिव्ह आहे. असे आयटम एकमेकांशी जुळायलाच हवेत असं नाही, त्यामुळे इथे अल्फा लावायचाच नसतो. सुरक्षिततेचा आयटम काढलात तर सुरक्षितता तुमच्या व्याख्येतूनच गेली.

याउलट संशोधक डेव्हिस यांचं 1989 चं उपयुक्ततेचं स्केल बघा, सिस्टीम कामाला किती उपयोगी वाटते ते मोजणारं. काम लवकर होतं, उत्पादकता वाढते, काम सोपं होतं: सगळी एकाच समजुतीची रूपं. समजूत आयटममधून दिसते, म्हणून हे रिफ्लेक्टिव्ह. अल्फा, लोडिंग (आयटमचा कन्स्ट्रक्टशी संबंध किती घट्ट), एव्हीई (आयटममधला सरासरी किती फरक कन्स्ट्रक्टमुळे) इथे तपासा.

फॉर्मेटिव्ह असेल तर व्हीआयएफ (आयटम एकमेकांची पुनरावृत्ती करतात का) आणि वेट्स (प्रत्येक आयटमचा वाटा किती) बघायचे. शिवाय 'एकंदरीत ही सिस्टीम चांगली आहे' अशा धर्तीचे दोन-तीन रिफ्लेक्टिव्ह आयटम त्याच प्रश्नावलीत हवेत, नाहीतर मॉडेल आयडेंटिफाय व्हायला, म्हणजे त्यातले आकडे एकाच प्रकारे ठरायला, अडचण येते. सर्व्हे संपल्यावर हे सुचून काहीही उपयोग नाही. काहीही!

जो गाईड कन्स्ट्रक्टची व्याख्या न विचारता थेट आउटपुट मागतो, त्याचा सल्ला मी तरी घेणार नाही. जुन्या पेपरमधून आयटम जसेच्या तसे उचलणंही मला पटत नाही. बाणांची दिशा, म्हणजे आयटममुळे कन्स्ट्रक्ट ठरतो की कन्स्ट्रक्टमुळे आयटम, तिथेही चुकलेली असू शकते.

घाबरू मात्र नका. डेटा गोळा करण्याआधी मूर आणि बेनबासाट या संशोधकांनी 1991 मध्ये वापरलेलं कार्ड सॉर्टिंग करून बघा. विषयाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना आयटमच्या चिठ्ठ्या द्या, गट त्यांनाच पाडू द्या. एखादी चिठ्ठी दरवेळी वेगळ्याच गटात गेली तर वाक्य पुन्हा लिहा. रिफ्लेक्टिव्ह स्केलमध्ये आयटम गळणं अगदी स्वाभाविक आहे. डेव्हिस यांनीही उपयुक्ततेचे 14 आयटम घेऊन सुरुवात केली होती, शेवटी 6 राहिले.