सांगलीकरांनो, विमानाचं तिकीट काढताना एकाच विमानतळावर अडून बसू नका

आपल्याला कोल्हापूर सर्वांत जवळचं, म्हणून शोध तिथेच संपतो. पण गूगल फ्लाइट्सवर 'कुठून' या रकान्यात कोल्हापूर, बेळगाव, पुणे, मुंबई अशी चारही नावं एकदम टाकता येतात. मग दिल्लीचे दर शेजारीशेजारी दिसतात आणि फरक लगेच कळतो. तारखेवर टिचकी मारली की कॅलेंडरात रोजचा भाव येतो. लग्नकार्याची तारीख हलत नाही, पण परतीची एखाद-दुसऱ्या दिवसाने नक्की हलते. घाई नसेल तर किमतीवर लक्ष ठेवण्याचं बटण दाबून ठेवा, भाव बदलला की ईमेल येतो.

आता खरी मेख. पुण्याहून तिकीट हजार रुपयांनी स्वस्त दिसलं, तरी सांगलीहून तिथवरचं गाडीभाडं, टोल आणि पहाटेचं विमान असेल तर रात्रीचा मुक्काम आधी कागदावर मांडा. चौघं असाल तर हिशोब जमतो, एकट्याचा बहुधा नाही.

शेवटी तिकीट विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरही तपासा. सुविधा शुल्क पैसे भरायच्या पानावरच उगवतं. आणि विमानात सोबत न्यायच्या हातातल्या बॅगेचं वजन बघा. भडंग, हळद, बेदाणे भरले की सात किलोंची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही.