तान्ह्या बाळाचा आवाज बसला, तर या चुका टाळा

रात्रभर रडलेल्या बाळाचा आवाज सकाळी घोगरा येतो, आणि सर्दीमुळे स्वरयंत्राला सूज आली तरी तसेच होते. बाळ नीट दूध पीत असेल आणि श्वास शांत असेल, तर काही दिवसांत आवाज बहुधा आपोआप मोकळा होतो. चुका घडतात त्या याच मधल्या दिवसांत.

पहिला मान मधाचा. वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये, कारण त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते कोवळ्या आतड्यात रुजून विष तयार करतात. या विषबाधेत शौचाला होत नाही, अंग ढिले पडते आणि रडणे क्षीण होते. म्हणजे ज्या आवाजासाठी मध दिला, तोच आणखी खोल जातो. आंघोळीनंतरची ओव्याची धुरीही या दिवसांत नको, कारण सुजलेल्या स्वरतंतूंना कोणताही धूर झोंबतो. मोठ्या भावंडाच्या बाटलीतले खोकल्याचे औषध थेंबभरही देऊ नये. सहा महिन्यांच्या आत घसा ओला ठेवायला आईचे दूध पुरते, वरचे पाणी लागत नाही.

माझ्या मते सर्वांत महागात पडते ते ‘त्याचा आवाजच तसा आहे’ असे म्हणून थांबणे. घोगरे रडणे, लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ आणि सतत झोप हे सारे एकत्र दिसले, तर थायरॉईडची जन्मजात कमतरता असू शकते. असे बाळ फारसे रडत नाही, म्हणून घरी ‘गुणी’ ठरते. प्रत्यक्षात टीएसएचची (थायरॉईडला चालना देणाऱ्या संप्रेरकाची) साधी रक्ततपासणी लांबली की मेंदूच्या वाढीचे नुकसान होते. जन्मानंतर श्वासनळीत नळी घातली असेल किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण डाव्या स्वरतंतूची नस हृदयालगतच्या महाधमनीला वळसा घालून वर येते आणि तिला इजा झाल्यास तो स्वरतंतू हलत नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला घोगरेपणा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावा. दवाखान्यात बाळ नेमके झोपी जाते, तेव्हा घरचे रडणे मोबाईलवर टिपून न्यावे.

मात्र श्वास आत घेताना कर्कश शिट्टीसारखा आवाज येत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर चित्रण करत न बसता 108 ला फोन करावा आणि घशात बोट घालू नये.