डोनेली च्युट तुंबायची कशी थांबली

आमच्या साखर कारखान्यात दोन नंबर मिलची डोनेली च्युट (मिलच्या रोलरवर माल सोडणारी उंच उभी पेटी) सारखी तुंबायची, आणि तुंबली की अख्खं टँडम (ओळीनं लावलेल्या सगळ्या मिल) उभं, मग पोरं वरून सळईनं ढोसायची (मिल फिरत असताना हे अजिबात करू देऊ नका राव, हात जाईल). सगळे म्हणायचे रोलर घासलेत. उघडून बघितलं तर आतल्या स्टेनलेस लायनरचा एक पत्रा सुटून कड आत आलेली, बगॅस (पिळलेल्या उसाचा चोथा) तिथंच अडकून कमान धरायचा. पत्रा बदलला, वेल्ड ग्राइंड करून सपाट केले आणि च्युट वरच्यापेक्षा खाली जराशी रुंद राहील असं सेटिंग केलं, म्हणजे माल उतरताना भिंतीला आवळत नाही.

तरी फरक अर्धाच पडला. राहिलेलं काम पाण्याचं निघालं, कारण इम्बिबिशन (रस निघावा म्हणून चोथ्यावर सोडतात ते पाणी) जास्त झालं की बगॅस बुळबुळीत होतो आणि रोलर त्याला पकडतच नाही, नुसता घसरतो. केमिस्टशी थोडं भांडण झालं, एक्स्ट्रॅक्शन (रस निघण्याचं प्रमाण) पडेल म्हणाला, पण पाणी एकसारखं सोडायला तयार झाला. रोलरच्या दातांवर आर्किंग (पकड यावी म्हणून वेल्डिंगचे खरखरीत थेंब बसवणं) रेग्युलर चालू ठेवलं. शेवटी च्युटचे लेव्हल प्रोब (माल किती चढलाय ते सांगणारे सेन्सर) साफ करून मिलच्या स्पीडला जोडले, लेव्हल चढली की स्पीड आपोआप वाढतो. प्रोब मात्र दर शिफ्टला पुसावे लागतात, चिकटा बसला की खोटी लेव्हल दाखवतात.