पायथनमध्ये शॉर्टेस्ट पाथ काढताय? या चुका टाळा

स्क्रिप्ट चालली, एरर आली नाही, म्हणजे उत्तर बरोबर, हा समज आधी डोक्यातून काढा.

सगळ्यात जास्त घोळ वेटचा, म्हणजे दोन नोड (ग्राफमधले बिंदू) जोडणाऱ्या एजला दिलेल्या आकड्याचा. नेटवर्कएक्स या पायथनच्या ग्राफ लायब्ररीतल्या शॉर्टेस्ट पाथ फंक्शनला वेट सांगितलं नाही, तर ते फक्त हॉप, म्हणजे वाटेत किती एज लागल्या तेवढंच, मोजतं. सांगितलं, पण त्या नावाचं अ‍ॅट्रिब्यूट एजवर नसेल, तर मुकाट्याने 1 धरतं. एका टीमची स्क्रिप्ट माझ्याकडे तपासायला आली होती. एजवर आकडे 'लेटन्सी' (पोचायला लागणारा वेळ) नावाने भरलेले आणि फंक्शनला सांगितलेलं 'वेट'. दोन राउटरमधली थेट लिंक 180 मिलिसेकंदांची. तिसऱ्या राउटरवरून गेलं तर 20 आणि 25, म्हणजे 45. स्क्रिप्ट दर वेळी थेट लिंकच दाखवायची, आणि मंडळी राउटरच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसलेली. आउटपुटमध्ये नुसता पाथ होता, एकूण लांबी नव्हती. ती छापली असती तर 180 च्या जागी 1 दिसला असता आणि घोळ तिथल्या तिथे कळला असता. मी पाथसोबत लांबी छापतोच. शिवाय वेटला नाव न देता छोटं लॅम्डा (एका ओळीचं बिननावाचं फंक्शन) देतो, जे एजच्या डिक्शनरीतून चौकोनी कंसाने 'लेटन्सी' उचलतं. अ‍ॅट्रिब्यूट नसेल तर कीएरर (ते नाव सापडलं नाही, अशी एरर) येते. येऊ दे, तीच तर हवी आहे.

डायक्स्ट्रा हा शॉर्टेस्ट पाथचा अल्गोरिदम स्वतः लिहिणारे नोडला हीपमध्ये (सगळ्यात कमी अंतराची नोंद आधी देणाऱ्या रांगेत) टाकतानाच व्हिजिटेड करून मोकळे होतात. ए ते बी 10, ए ते सी 1, सी ते बी 2 असं धरा. बी 10 ने आत गेला की त्याच्यावर शिक्का बसतो, मग सीवरून येणारा 3 चा रस्ता कोणी बघतच नाही. बीएफएसमधला (वेट न बघता फक्त हॉप मोजणाऱ्या शोधातला) कोड उचलून घाईने चिकटवला की हेच होतं. नोड हीपमधून बाहेर निघेल तेव्हाच पक्का करा. त्याची जुनी नोंद नंतर निघाली तर सोडून द्या.

निगेटिव्ह वेट असेल तर बेलमन-फोर्ड हा अल्गोरिदम वापरा. सगळ्या वेटमध्ये ठरावीक आकडा मिळवण्याचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही: जास्त एजच्या पाथवर जास्त भार पडतो आणि उत्तरच बदलू शकतं.

सीएसव्हीतून स्ट्रिंग म्हणून आलेला 5 आणि इंटिजर 5 हे दोन वेगळे नोड होतात.

बँडविड्थ थेट वेट म्हणून देऊ नका, वेगवान लिंकच महाग ठरेल.

आणि पाथ नसल्याची एक्सेप्शन 'पास' लिहून गिळू नका. नेटवर्क तुटलंय, हे तीच सांगत असते.