स्वस्त छऱ्यांचे डबे पेटीने उचलण्याआधी

एअर रायफलच्या स्वस्त छऱ्यांचे आधी दोनच डबे आणा. दुकानदार दहावर सूट देईल, तरी दोनच. दोन्ही डबे एकाच लॉटचे, म्हणजे कारखान्यातून एकाच खेपेत निघालेले, आहेत ना, ते दुकानातच उलटे करून बघा आणि लॉटचा आकडा वहीत उतरवून घ्या. त्याच ओळीत छऱ्याचं वजन आणि डोक्याचा व्यास लिहा. १० मीटर रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो, पिस्तुलाचा त्याहून हलका. व्यास ४.४९, ४.५० असा मिलिमीटरमध्ये छापलेला असेल. स्वस्त डब्यांवर पुष्कळदा नुसतं ४.५ असतं, लॉट तर कुठेच नसतो. तेही लिहून ठेवा, कारण लॉटच माहीत नसला तर आजच्या चाचणीचा पुढच्या खरेदीला फारसा उपयोग नाही.

ही यादी मी का लिहितोय ते सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या शूटिंग रेंजवर छऱ्यांचं कपाट माझ्याकडे असतं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांची नावं ऐकत मोठी झालेली पोरं इथे येतात, आणि २०२४ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणल्यापासून आईवडीलही हौसेनं सोबत येतात. नियमित सराव करणारं पोर दिवसाला शंभर छर्रे सहज झाडतं. म्हणजे ५००चा डबा पाच दिवसांत संपला. परदेशी मॅच दर्जाच्या, म्हणजे स्पर्धेत वापरतात तशा, एका डब्याच्या पैशात स्वस्ताचे दोन-तीन येतात, तेव्हा पालक स्वस्ताकडे वळले तर त्यांना बोल लावायचं कारण नाही. पण दोन वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी पंधरा दिवस अडली होती. पाच-सहा नेम छान जायचे, मग एक एकदम आठ गुणांच्या वर्तुळात, कधी उजवीकडे, कधी खाली. तिनं गाल टेकवायची जागा बदलली, पायांतलं अंतर बदललं, ट्रिगरवरचं बोट बदललं. शेवटी तिची रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून त्याच डब्यातले छर्रे मी झाडले, तर माझेही तसेच उडाले. छर्ऱ्याचा दोष ती पोर पंधरा दिवस स्वतःच्या अंगावर घेत होती. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी घरी बसून करायचं काम बरंच आहे. टेबलावर जाड पांढरं कापड पसरा आणि छर्रे त्यावर हळू ओता. शिसं मऊ असतं, स्टीलच्या ताटात ओतले की कडा तिथेच चेपतात आणि मग दोष कारखान्याचा की आपला ते कळत नाही. छर्ऱ्याचा आकार डमरूसारखा, पुढे सपाट डोकं, मध्ये कंबर आणि मागे पोकळ घेर. हवेच्या दाबानं घेर फुलतो आणि नळीच्या आट्यांना धरतो, म्हणून घेर चेपलेला छर्रा सरळ जाईल असं समजू नका. पन्नास छर्रे सरसकट उचला, निवडून नको, आणि उजेडात एकेकाचा घेर पाहा. किती चेपलेले, किती जणांच्या कडेला शिशाचा कीस चिकटलेला, किती जणांवर पांढरट भुकटी, असे आकडे मांडा. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डब्यांत ती भुकटी हमखास दिसते. मग थोड्या तिरप्या काचेवर एकेक घरंगळू द्या. चांगले छर्रे एकसारखं वळण घेत जातात, वाकडा मध्येच फटकून बाजूला पडतो.

वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा चालत नाही. सोनाराकडचा, मिलिग्रॅम दाखवणारा लागतो. हुपरी आमच्या जवळ असल्यानं चांदीच्या कारागिरांकडून तो मिळवणं आम्हाला अवघड गेलं नाही. पन्नासांची वजनं लिहा आणि सगळ्यांत जड व सगळ्यांत हलका यांतला फरक काढा. १० मिलिग्रॅमच्या आत असेल तर छर्रे चांगले. २० च्या पुढे गेला तर मी त्या डब्याकडून फार आशा ठेवत नाही, तरी झाडल्याशिवाय नाकारतही नाही, कारण काही नळ्यांना काही छर्रे का मानवतात ते वजनावरून कळत नाही. याच वेळी घरात सांगून ठेवा की हे शिसं आहे. तोंडात छर्रे धरायची सवय काही मुलांना असते, ती आजच मोडा. छर्रे हाताळल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही.

रेंजवर जाताना पिशवीत या वस्तू हव्यात: दोन्ही स्वस्त डबे, ज्यावर भरवसा आहे असा एक मॅच दर्जाचा डबा, कागदी टार्गेटांचा गठ्ठा, बारीक माप घ्यायचं व्हर्नियर, पेन, वही, डोळ्यांचे चष्मे, रायफल रिकामी आहे हे दिसावं म्हणून नळीत घालायची सेफ्टी फ्लॅगची दोरी, आणि जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून शिवलेल्या दोन पिशव्या. भरवशाचा डबा विसरलात तर परत जाऊन आणा. तुलनेला तो नसेल तर ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, मोठा आला तेव्हा दोष छर्ऱ्याला द्यायचा की रायफलला, की त्या दिवशीच्या तुमच्या हाताला, हे ठरवायला काहीच उरत नाही.

रायफल त्याच मुलाची घ्या. क्लबातल्या दुसऱ्या रायफलीवर चांगला ठरलेला छर्रा हिच्यात चांगला जाईलच असं नाही. ५० मीटरचे मोठे खेळाडू तर बावीस बोअरच्या गोळ्यांसाठी स्वतःची रायफल घेऊन लापुआ किंवा ईली या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रात जातात, ती व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळून एकामागून एक लॉट झाडून पाहतात आणि तिला मानवेल तोच विकत घेतात. आपल्याकडे व्हाइस नाही, वाळूची पिशवी आहे, रीत मात्र तीच. दस्त्याचे आणि साइटचे स्क्रू आधी घट्ट आहेत ना, पाहा. रायफलचा हवेचा सिलिंडर भरलेला असू द्या आणि त्याची मुदतही पाहा, हवेच्या सिलिंडरांना दहा वर्षांची मर्यादा असते. नळीतून फेल्टचे बोळे आरपार सारून ती साफ करा. पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली येऊ द्या, नळीखाली कधीच नको. स्प्रिंगची रायफल असेल तर पिशवीवर तळहात ठेवून तिला सैल धरा, झटका बसताना ती मोकळी हलू द्यावी लागते. पंखा बंद.

पहिले वीस छर्रे मोजायचे नाहीत. साफ नळीला आणि नव्या छर्ऱ्यावरच्या तेलाला एकमेकांची सवय व्हायला तेवढे जातात. त्यानंतर दहा-दहाचे ग्रुप, एक स्वस्ताचा, एक भरवशाचा, पुन्हा स्वस्ताचा, असे प्रत्येकाचे पाच. आधी एकाचे सगळे आणि मग दुसऱ्याचे सगळे असं केलंत तर दमलेले डोळे आणि उतरलेला दाब दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. प्रत्येक वेळी छर्रा बदलल्यावर चार-पाच वाया घालवावे लागतात, घाला. छर्रे कुठले ते झाडणाऱ्याला कळू नये म्हणून कुणीतरी दुसऱ्यानं वाटीत काढून द्यावेत. पाच छर्ऱ्यांच्या एका सुंदर ग्रुपवर विश्वास ठेवू नका. मीही एकदा अशाच पाचांवर आठ डबे घेतले होते.

भरताना बोटाला काय जाणवतं ते दर ग्रुपखाली लिहा. एखादा छर्रा सैल बसून पुढे घसरतो, दुसरा अंगठ्यानं दाबावा लागतो, आणि दोन्ही एकाच डब्यात असले तर बहुधा साच्यांची मिसळ आहे. छर्रा नळीत अडकला तर मागून दुसरा झाडून तो काढायचा नाही. हवेचा दाब सोडून, रायफल मोकळी करून, कोचच्या हातानं दांडीनं काढायचा.

भरकटलेला छर्रा पुसून टाकण्याचा मोह फार होतो. "माझा हात हलला" हे म्हणायला परवानगी आहे, पण टार्गेटकडे बघण्याआधी. बघितल्यानंतर म्हटलेलं धरायचं नाही.

मापताना भोकांच्या सगळ्यांत लांबच्या दोन बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. हे झालं मध्यापासून मध्यापर्यंतचं माप. दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा, पण छर्ऱ्याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात, म्हणून छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीच्या आत राहिला तर १०.०. तिथून आत दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो, १०.९ पर्यंत. म्हणजे पिशवीवरून ५ मिमीच्या आत येणारा ग्रुप नीट मध्यावर बसवला तर सगळे दहा देऊ शकतो. भोकंही निरखा. सपाट डोक्यानं कागद गोल कापला पाहिजे, फाटकं किंवा लांबट भोक म्हणजे छर्रा तिरपा पोचला.

कुणाकडे वेग मोजायचं क्रोनोग्राफ असेल तर मागून आणा. सेकंदाला १७० मीटरच्या आसपास निघालेला छर्रा १० मीटरवर पोचेपर्यंत सुमारे १७ मिमी खाली येतो. वेगात १० मीटरचा फरक पडला तर हे खाली येणं जवळजवळ २ मिमीनं बदलतं, म्हणजे आठ दशांश. वर-खाली ताणलेला ग्रुप दिसला तर कारण बहुधा इथेच सापडतं.

आता निवाडा. इथे बरेच जण घाई करतात आणि डबा एक तर डोक्यावर घेतात किंवा फेकतात. छर्ऱ्याचा पसारा आणि मुलाचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते आणि त्या बेरजेचं वर्गमूळ काढायचं. नवशिक्याचा उभ्यानं ग्रुप १५ मिमी आणि छर्ऱ्याचा ७ मिमी असेल तर एकूण साधारण साडेसोळा. त्याला महाग छर्रे देऊन फारसं हाती लागत नाही. पण ज्याचा स्वतःचा ग्रुप ७ वर आला आहे त्याला तोच छर्रा १० वर नेतो, आणि ही लूट रोज होते. म्हणून आमच्या कपाटात तीन खण आहेत. पसारा सारखा आणि भरकटणं नाही, असा स्वस्त डबा नव्या मुलांना बिनधास्त द्यावा. पसारा थोडा मोठा असला तर तो फक्त टार्गेट न लावता केलेल्या पकडीच्या आणि ट्रिगरच्या सरावाला. मात्र नऊ-दहा छर्रे सुरेख जाऊन मध्येच एक आठात, असा डबा मी कुणालाही देत नाही, सर्वांत नव्या मुलाला तर नाहीच. मोठा पसारा मुलाला दिसतो आणि समजतोही. मध्येच दगा देणारा छर्रा त्याला स्वतःच्या शरीरावर संशय घ्यायला लावतो.

डबा पास झाला तर झाकणावर पेननं तारीख, रायफलचा क्रमांक आणि पाच ग्रुपांची सरासरी लिहा. मग दुसरा डबा उघडा आणि त्यातले दोन ग्रुप दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी झाडा. दोन्ही डब्यांचं माप जुळलं तर दुकानात फोन करा आणि त्याच लॉटचे किती शिल्लक आहेत ते विचारा.